सीनेकाठची काळी माती आणि फुकटचे खत

पुण्याहून नगरकडे निघालेली एस.टी. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर ही गावे मागे टाकीत घोडनदीचा पूल ओलांडते आणि नगर जिल्हा लागतो. रांजणगावला बसमधले बरेच हात देवळाच्या दिशेने जोडले जातात. त्याच गावच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारे मोठे सामायिक केंद्र आहे, तिकडे मात्र कोणी मान वळवून पाहत नाही. वाचकहो, या केंद्राचा उल्लेख आताच करून ठेवतो. पुढे त्याचे काम पडणार आहे.

घोडनदी ओलांडली की माळरान सुरू होते. सुप्याच्या बाजूला डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात, खाली नवीन कारखान्यांच्या पत्र्याच्या लांबच लांब शेड. मग केडगाव आणि मग नगर. ऑक्टोबर २०२४ पासून सरकारी कागदावर शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण कंडक्टर अजून "चला नगर, नगर" असाच पुकारा करतो. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. उत्तरेला प्रवरा-मुळेचे कालवे, ऊस आणि साखर कारखाने; दक्षिणेला पारनेर, कर्जत, जामखेडचा कोरडा पट्टा. दक्षिणेतला माणूस ऊसतोडीला उत्तरेत जातो, नाहीतर पुण्या-मुंबईला. आपल्यापैकी किती कुटुंबांच्या रेशनकार्डावर मुंबईचा पत्ता आणि मनात नगरचे गाव आहे, हे सांगायला नको.

या खेपेला मी निघालो होतो तो माझ्या थोरल्या मावसभावाच्या निरोपावरून. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. नगर शहराच्या खालच्या अंगाला सीनेकाठी एका गावात त्यांची दीड एकर जमीन आहे. निरोप एवढाच होता : "फुकट खत मिळतंय. घेऊ का नको, ते येऊन सांग. तू कारखान्यात काम केलंयस."

अण्णांच्या गावाला जाण्याआधी सीनेविषयी थोडे सांगितले पाहिजे. ही नदी नगरच्या पश्चिमेला जामगावच्या बाजूने येते, शहराला वळसा घालून आग्नेयेला कर्जतकडे जाते, निमगाव गांगर्ड्याला तिच्यावर धरण आहे, आणि शेवटी सोलापूर जिल्ह्यात ती भीमेला मिळते. १४९० साली मलिक अहमद निजामशहाने याच नदीकाठी शहर वसवले. निजामशाहीत शहराला पिण्याचे पाणी नदीतून घेत नसत. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, नागापूर या बाजूंनी जमिनीखालून खापरी नळ आणलेले होते. त्या काळी ज्या नागापूरकडून गोड पाणी शहरात येई, त्याच नागापूरला आज औद्योगिक वसाहत आहे. काळाचा फेरा असा असतो.

आज शहरातून जाणारी सीना पाहिली तर पावसाळ्याचे चार महिने सोडता ती नदी आहे असे सांगावे लागते. शहराचे सांडपाणी कित्येक दशके प्रक्रियेविना तिच्यात येत राहिले. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात सर्वांत जास्त, म्हणजे ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले निघाले. नद्यांची ही दशा काही नगरपुरती नाही. पण नगरच्या दक्षिणेला पाऊस इतका थोडा की बारमाही वाहणारे पाणी म्हणून या घाण पाण्यालाच मोल आले. काठावरचा शेतकरी मोटार टाकतो आणि त्यावर पालक, मेथी, कोथिंबीर, चारा पिकवतो. त्याला दोष देणे सोपे आहे. दुष्काळात ज्याची विहीर आटली नाही, त्याने तो द्यावा.

शहराची घाण शेतात जाणे ही मुळात नवी गोष्ट नाही. आपल्या आज्या-पणज्यांना 'सोनखत' हा शब्द चांगला ठाऊक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिक, पुणे अशा नगरपालिका संडासाचा मैला उथळ खड्ड्यांत राख व केरकचऱ्यात मिसळून वाळवीत आणि शेतकऱ्यांना विकत. उसाला आणि भाजीला सोनखत म्हणजे खरोखरच सोने. नगरपालिकेला त्यातून उत्पन्न होई, बागाईतदाराला ऊस होई, आणि पाट्या डोक्यावर घेऊन तो मैला वाहणाऱ्या मेहतर बाया-माणसांच्या वाट्याला वास आणि विटाळ येई. खताचे नाव सोन्याचे आणि हात लावणाऱ्याचे नाव घ्यायचे नाही, असा तो व्यवहार. डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, त्याहून कडक २०१३ साली झाला. गटारात गुदमरून मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच काय ते आले.

सोनखताने रोगराई पसरे, जंत होत, पण जमीन मरत नसे. माणसाच्या पोटातून जे बाहेर पडते ते शेतातूनच आलेले असते. ते कुजते आणि मातीचे मातीत जाते. त्या खतात कॅडमियम, शिसे, निकेल, क्रोमियम हे धातू जवळजवळ नव्हतेच. ते आले कारखान्यांबरोबर. नळाच्या तोट्यांना, सायकलच्या दांड्यांना, मोटारीच्या भागांना जो चकचकीत मुलामा असतो तो निकेल-क्रोमियमचा. पत्रा गंजू नये म्हणून त्यावर जस्त चढवतात. जुन्या बॅटऱ्या फोडल्या की शिसे निघते. पिवळ्या-नारिंगी रंगांत, काही बॅटऱ्यांत आणि मुलाम्यात कॅडमियम असते. हे काम करणारे हात पुष्कळदा आपल्याच वस्तीतले असतात, म्हणून ही नावे वाचकांना परकी वाटू नयेत.

मुलाम्याच्या टाक्यांतले पाणी गटारात सोडले की ते धातू कुठे जातात? ते नाहीसे होत नाहीत. सांडपाण्याच्या केंद्रात जंतू घाण खातात, त्यांचा गाळ तळाशी बसतो आणि धातू त्या गाळाला चिकटतात. म्हणजे पाणी जितके स्वच्छ करावे तितका गाळ विषारी होतो. कारखान्याच्या स्वतःच्या प्रक्रिया केंद्रात तर चुना टाकून धातू मुद्दाम खाली बसवतात. तो गाळ वाळला की काळपट, भुसभुशीत आणि अगदी खतासारखा दिसतो. त्यात सेंद्रिय अंश असला तर पीकही पहिली दोन वर्षे जोमाने येते, कारण नत्र आणि स्फुरद खरेच असते. फसगत इथे होते.

अण्णांच्या बांधावर मी गेलो तेव्हा एक ट्रॉली आधीच रिकामी झालेली होती. लिंबाच्या झाडाखाली ढीग. वरून काळा, आतून उकरला की कुठे कुठे हिरवट झाक. ट्रॉलीवाला कोणत्या कारखान्यातून आणतो ते सांगत नव्हता. "जैविक खत आहे, लोक विकत घेतात, तुम्ही गरीब म्हणून फुकट" एवढेच म्हणे. पावती नाही, कागद नाही. मी अण्णांना विचारले, "विकत जाणारी वस्तू तो डिझेल जाळून तुमच्या शेतात फुकट का टाकतोय?"

अण्णा म्हणाले, "ते मलाही कळतंय रे. पण शेणखताची ट्रॉली काय भावाने मिळते ते तुला ठाऊक नाही."

वहिनी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, माझा प्रश्न साधा आहे. ही भाजी मी नगरच्या बाजारात विकते आणि उरलेली घरी करते. पोरांना घालू का नको?"

वहिनींचा प्रश्न साधा होता, उत्तर साधे नव्हते. हिरवी झाक निकेलची किंवा क्रोमियमची असू शकते, पण रंगावरून धातू ओळखता येत नाही आणि वासावरून तर नाहीच. म्हणून आम्ही तिघांनी अंगणात बसून आधी हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण असा हिशेब सातवीतल्या मुलालाही करता येईल.

एक एकराची नांगरटीइतकी, म्हणजे वीतभर खोलीची माती धरली तर तिचे वजन साधारण ८ लाख किलो भरते. ट्रॉलीत वाळलेला गाळ ४ हजार किलो धरू. आपल्या देशाच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टला कॅडमियमची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे. एवढे असलेला माल टाकला तर ट्रॉलीमागे २० ग्रॅम कॅडमियम शेतात जाते. ८ लाख किलोत २० ग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम. दरवर्षी एक ट्रॉली टाकली तरी १ मिलिग्रॅम वाढायला ४० वर्षे लागतील. पण गाळात किलोमागे ५० मिलिग्रॅम असेल तर? तेच काम ४ वर्षांत होते. युरोपात १९८६ च्या नियमांनुसार गाळ टाकायच्या जमिनीत कॅडमियम किलोमागे १ ते ३ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. म्हणजे चार-पाच वर्षांच्या फुकट खतात अण्णांची जमीन त्या रेषेपाशी पोचेल आणि तिथून मागे येणार नाही. अमेरिकेने १९९३ साली केलेल्या नियमात गाळातल्या कॅडमियमची कमाल मर्यादा किलोमागे ८५ मिलिग्रॅम ठेवली आहे. श्रीमंत देशाचा नियम म्हणजे कडक नियम, हा आपला समज इथे चालत नाही. आपल्या कंपोस्टचा आकडा कागदावर कितीतरी कडक आहे. मात्र अण्णांच्या लिंबाखालच्या ढिगाला कोणताच कागद नव्हता.

मागे येणार नाही असे मी म्हटले, त्याला आधार आहे. इंग्लंडात वोबर्न येथे शेतकी संशोधकांनी १९४२ ते १९६१ या काळात पश्चिम लंडनच्या सांडपाण्याचा गाळ काही वाफ्यांत टाकला आणि मग थांबवला. पंचवीस-तीस वर्षांनंतर पाहिले तर धातूंचा बहुतेक भाग नांगरटीच्या थरातच होता. त्या वाफ्यांत पांढरे क्लोव्हर हे चाऱ्याचे पीक लावले, ते पिवळे पडले. या पिकाच्या मुळांवर गाठी येतात, त्यांतले जंतू हवेतला नत्र पिकाला देतात. गाठी आल्या होत्या, पण त्या पोकळ बढाया ठरल्या. कामाचे जंतू धातूंनी मेले होते, निकामी तेवढे उरले होते. आपल्याकडे हरभरा, तूर, मूग, मटकी, आणि वहिनींची मेथीसुद्धा, याच घराण्यातली पिके. कोरडवाहू गरिबाला फुकटात नत्र देणारे हे जंतू. फुकटचे खत घेऊन फुकटचा नत्र घालवायचा, असा हा सौदा.

आता पोरांचे. धातू सगळ्या पिकांत सारखे जात नाहीत. कॅडमियम पालेभाज्यांत सहज चढते. पालक त्यात पुढे. ज्वारी-बाजरीच्या दाण्यात, टोमॅटो-वांग्याच्या फळात मानाने कमी उतरते. शिसे मुळांतून फारसे वर जात नाही, ते धुळीने आणि चिखलाने पानाला चिकटते, म्हणून भाजी तीन पाण्यांनी धुतली, मुळा-गाजर तासले की बरेच शिसे जाते. कॅडमियम पानाच्या आत असते. ते धुऊन जात नाही, शिजवून मरत नाही. माणसाच्या मूत्रपिंडात ते एकदा बसले की निम्मे व्हायलाही १० ते ३० वर्षे लागतात.

आणि ही गोष्ट आमच्या माता-भगिनींनी मुद्दाम वाचावी : ज्या बाईच्या अंगात लोह कमी, तिचे शरीर कॅडमियम जास्त शोषून घेते. लोहाच्या वाटेनेच ते आत शिरते. जपानमध्ये तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला खाण होती. तिचे कॅडमियम नदीत, नदीतून भातखाचरात आणि भातातून माणसांत गेले. हाडे ठिसूळ झाली, नुसत्या खोकल्यानेही मोडू लागली. रोगाचे नावच 'इताई-इताई' पडले, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. आजारी पडलेल्या बहुतेक उतारवयाच्या, पुष्कळ बाळंतपणे झालेल्या शेतकरी बाया होत्या. १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला, १९७१ साली पीडितांनी कोर्टात खटला जिंकला, अपिलातही १९७२ साली निकाल त्यांच्याच बाजूने लागला. बिघडलेल्या सुमारे ८६० हेक्टर खाचरांची माती बदलण्याचे काम पुढे २०१२ सालापर्यंत चालले. जपानकडे माती बदलायला पैसा होता.

आपल्या देशातले उदाहरण कानपूरचे. तिथे जाजमऊला चामड्याचे कारखाने आहेत. काम करणारे दलित आणि मुसलमान. गंगा शुद्धीकरणाच्या योजनेत कारखान्यांचे व शहराचे पाणी एकत्र प्रक्रिया करून आसपासच्या गावांना शेतीसाठी दिले गेले. शेतकऱ्यांना आधी आनंदच झाला. कातडे कमावण्याचे क्रोमियम मग त्यांच्या मातीत आणि पाण्यात सापडू लागले. कातडे कमावण्याचा धंदा ज्यांच्या पूर्वजांवर लादला गेला, त्यांना हे वाचताना काय वाटेल ते मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी राहुरीची वाट धरली. नगर-मनमाड रस्त्यावर १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या जोतीरावांचे नाव शेतीच्या विद्यापीठाला शोभते. दुतर्फा झाडी, प्रयोगाचे हिरवे वाफे, सायकलवरून जाणारी शिकाऊ पोरे. बापाच्या दीड एकरातून शिकून इथे पदवी घेणारी आपली पोरे वाढली पाहिजेत, असे तिथे गेल्यावर प्रत्येक वेळी वाटते.

मातीपरीक्षणाविषयी एक गोष्ट सर्वांनी समजून घ्यावी. फेब्रुवारी २०१५ पासून सरकार जी जमीन आरोग्य पत्रिका देते, तिच्यात १२ गोष्टी असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. कॅडमियम, शिसे, निकेल, क्रोमियम त्यात नाहीत. पत्रिका पिकाला काय कमी आहे ते सांगते. माणसाला अपायकारक काय जास्त आहे ते सांगत नाही. तेव्हा कोणी पत्रिका दाखवून "जमीन चांगली आहे" म्हणाला तर ते खरे, पण अर्धे. धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते, तिला वेगळे यंत्र आणि वेगळे पैसे लागतात. गमतीचा भाग असा की आमच्या भागात जस्ताची कमतरता ही नेहमीची तक्रार. शेतकरी झिंक सल्फेटची पिशवी विकत आणतो. तेच जस्त कारखान्याच्या गाळातून बेहिशेबी आले की पीक पिवळे पडते. औषध आणि विष यांतला फरक मापाचा असतो.

आपल्या काळ्या मातीविषयी चांगले बोलायचे तर ती सोशिक आहे. बेसाल्ट खडकाची, चुनखडीची, सामू बहुधा साडेसात ते साडेआठ. अशा मातीत कॅडमियम, शिसे, निकेल घट्ट धरून ठेवले जातात आणि पिकात कमी चढतात. आंबट मातीच्या कोकणात तेच खत जास्त बाधले असते. पण या सोशिकपणालाही मर्यादा आहे. कालव्याच्या जादा पाण्याने जमिनी खारवल्या, की मिठातला क्लोराइड कॅडमियमला मोकळे करतो. आणि क्रोमियमचा जो विषारी प्रकार आहे तो तर अशा मातीत मोकळाच हिंडतो, थेट विहिरीपर्यंत. आणखी असे की बेसाल्टमध्ये मुळातच तांबे, निकेल, क्रोमियम बरेच असते. त्यामुळे अहवालात निकेलचा मोठा आकडा पाहून घाबरायचे नाही. शेजारच्या, खत न टाकलेल्या बांधाच्या मातीशी तो ताडून पाहायचा. म्हणून नमुने दोन घ्यावेत, एक शेताचा आणि एक बांधाचा. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खळगा करावा, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या उलथण्याने माती घ्यावी, जस्ताच्या बादलीत गोळा करू नये, सगळी मिसळून अर्धा किलो सावलीत वाळवावी. आम्ही तिसरा नमुना ढिगाचा घेतला.

राहुरीहून श्रीरामपूर दूर नाही, आणि श्रीरामपूरला गेलो की हरेगावला गेल्यावाचून माझा पाय निघत नाही. १६ डिसेंबर १९३९ रोजी तिथे महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाली. वतनाच्या जमिनीच्या नावाखाली गावाची रात्रंदिवस चाकरी करून घेणारी ही पद्धत मोडावी म्हणून त्यांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात बिल आणले होते. ती वतने कायद्याने जायला १९५९ साल उजाडले. अण्णांची दीड एकर ही त्याच हाडकी-हाडोळ्यातली. नजराणा भरून आजोबांनी ती नावावर करून घेतली, तेव्हा आजीच्या अंगावरचे होते-नव्हते ते गेले. जमीन हा शब्द आमच्या घरात हळू आवाजात उच्चारतात, तो यासाठी. ट्रॉलीवाल्याला हे माहीत असण्याचे कारण नाही; पण रस्त्यापासून आत, नदीकाठी, लहान आणि गरिबाचा तुकडा त्याला बरोबर सापडतो, हेही खरे.

हरेगावच्या परिसरात साखरेचा धंदा जुना. खंडाने घेतलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी, पुढे १९६३ साली स्थापन झालेले शेती महामंडळ, खंडकऱ्यांचा लांबलेला लढा, ही वेगळी आणि मोठी कथा आहे. इथे एवढेच सांगतो की कारखान्याचा प्रत्येक गाळ सारखा नसतो. उसाचा रस गाळून उरणारा प्रेसमड हा उसाचा आणि चुन्याचा गाळ. शंभर टन उसामागे तीन-चार टन निघतो. तो कुजवून घातला तर चांगले खत आहे, त्याला भिऊ नये. दारूच्या भट्टीचे तांबडे-काळे सांडपाणी, ज्याला लोक मळीचे पाणी म्हणतात, त्याची तऱ्हा तिसरीच. एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर ते निघते. त्यात जड धातू ही मुख्य अडचण नाही, क्षार आणि कुजका भार ही आहे. बेसुमार सोडले तर विहिरी तांबड्या होतात, जमीन खारवते. म्हणजे "कारखान्याचे खत घ्यावे का" या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणत्या कारखान्याचे, कशाचे, आणि तपासणीचा कागद आहे का, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये.

लिंबाखालचा ढीग मात्र साखरेचा नव्हता, हे शेंबडे पोरही सांगेल. मुलाम्याच्या किंवा रसायनाच्या कारखान्याचा प्रक्रियेतला गाळ घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतो. तो कुठून निघाला, कोणी वाहिला, कुठे पोचला याची सात प्रतींची चिठ्ठी बरोबर असावी लागते, आणि तो जायला हवा तो रांजणगावसारख्या केंद्रात, तळाला अस्तर असलेल्या खड्ड्यात. त्या केंद्रात टनामागे पैसे भरावे लागतात. अण्णांच्या शेतात भरावे लागत नाहीत. ट्रॉलीवाल्याच्या उदारपणाचा उलगडा एवढाच.

मी परत गावी आलो तेव्हा अण्णांनी ट्रॉलीवाल्याला फोन करून दुसरी खेप नको म्हणून सांगितले होते. तो रागावला नाही. "पलीकडच्या गावात टाकतो," म्हणाला. हे ऐकून वहिनींनी त्याच रात्री पलीकडच्या गावातल्या नणंदेला निरोप पाठवला आणि तिने तिथल्या बचत गटाच्या बायांना सांगितले. बातमी अशी पसरायला पाहिजे.

राहिला ढीग. पसरलेला नव्हता हे नशीब. अण्णांनी त्याच्याभोवती मातीचा बांध घातला आणि वर जुना ताडपत्रीचा तुकडा दगड ठेवून बसवला, म्हणजे पावसाचे पाणी त्यातून विहिरीकडे उतरू नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय नगरमध्ये आहे. अर्ज मी लिहून दिला. तारीख, ट्रॉलीचा नंबर, ढिगाचे दोन फोटो आणि "हा कचरा आमच्या मागणीवरून टाकलेला नाही" हे वाक्य. एक प्रत तहसील कचेरीत, एक ग्रामपंचायतीत, आणि प्रत्येक ठिकाणी आवक नंबर घेतलाच पाहिजे असे अण्णांना बजावले. आवक नंबर नसलेला अर्ज म्हणजे बोललेले बोल.

नमुन्यांचा अहवाल यायचा आहे. तोवर वहिनींनी ठरवले की ढिगापासून उताराच्या पाच गुंठ्यांत खायचे काही लावायचे नाही. नगरच्या बाजारात फुलांना गिऱ्हाईक कायमचे. मी निघालो त्या सकाळी त्या ओळीने झेंडूची रोपे लावत होत्या, आणि मेथीची जागा वरच्या बाजूला, विहिरीपलीकडे आखलेली होती.